‘मला फक्त गोंगाट ऐकू आला’ : एका अल्बमवर आलेली पत्रे

गेल्या अंकात या सदरात मी ‘ॲनिमल कलेक्टिव्ह’ या अमेरिकन बँडच्या ‘मेरिवेदर पोस्ट पॅव्हिलियन’ या अल्बमविषयी लिहिले होते. त्यावर गोव्यात म्हापशापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. त्यांतली बहुतेक तक्रारीची होती आणि ती वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण न आवडलेला अल्बम पुन्हा ऐकून त्यावर पानभर लिहिण्याइतकी आस्था पुष्कळदा आवडलेल्या अल्बमच्याही वाट्याला येत नाही. ज्यांनी तो अंक पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा अल्बम जानेवारी २००९ मध्ये ‘डॉमिनो’ या कंपनीने प्रसिद्ध केला. त्यात अकरा गाणी आहेत आणि ती सुमारे पंचावन्न मिनिटे चालतात. बाल्टिमोर परिसरात शाळेपासून एकमेकांना ओळखणाऱ्या चार मित्रांचा हा बँड. त्यांपैकी गिटार वाजवणारा जॉश डिब त्या वेळी विश्रांती घेत होता, म्हणून डेव्हिड पोर्टनर, नोआ लेनॉक्स आणि ब्रायन वाइट्झ या उरलेल्या तिघांनी गिटार बाजूला ठेवून सॅम्पलरलाच मुख्य वाद्य केले. सॅम्पलर म्हणजे मुद्रित केलेल्या आवाजाचा तुकडा कळीवर बसवून तो हवा तेव्हा आणि हव्या त्या सुरात वाजवता येणारे यंत्र. अशा रीतीने बांधलेल्या या संगीताला ‘प्रायोगिक इंडी पॉप’ म्हणतात. आता आपल्या प्रश्नांकडे वळतो.

प्रश्न : अल्बम दोनदा ऐकला. मला फक्त गोंगाट ऐकू आला आणि शब्द तर एकही कळला नाही. तरीही ‘पिचफोर्क’ या संगीत-समीक्षेच्या अमेरिकन संकेतस्थळाने त्याला दहापैकी ९.६ गुण दिले असे आपण लिहिता. समीक्षकांना जे ऐकू येते ते आम्हाला का येत नाही? की न कळणाऱ्या गोष्टीची स्तुती करणे यालाच समीक्षा म्हणायचे? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : गुणांची गोष्ट खरी आहे. त्याच प्रकाशनाने वर्षअखेरीस या अल्बमला २००९ च्या यादीत पहिले स्थान दिले आणि न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ने समीक्षकांकडून मागवलेल्या ‘पॅझ अँड जॉप’ या वार्षिक मतदानातही तोच पहिला आला. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत तो तेराव्या स्थानापर्यंत चढला, म्हणजे श्रोत्यांनीही पाठ फिरवली नव्हती. पण समीक्षकांची एकवाक्यता आणि सर्वसाधारण श्रोत्याचा गोंधळ यांच्यात अंतर होते, आणि ते आजही आहे.

या अंतराचे पहिले कारण मला असे दिसते. जानेवारी २००९ मध्ये ज्यांनी या अल्बमवर लिहिले ते त्याच्यापाशी कोऱ्या कानाने आलेले नव्हते. या बँडचे २००४, २००५ आणि २००७ चे अल्बम त्यांनी ऐकले होते आणि लेनॉक्सने ‘पांडा बेअर’ या नावाने २००७ मध्ये एकट्याने केलेला अल्बमही त्यांच्या परिचयाचा होता. शिवाय हा बँड नवी गाणी आधी रंगमंचावर वाजवून पाहतो आणि मगच स्टुडिओत जातो, त्यामुळे यांतली कित्येक गाणी प्रकाशनाच्या वर्षभर आधीपासून मैफलींच्या मुद्रणांतून हाताहाती फिरत होती. डिसेंबर २००८ मध्ये तर परीक्षेचा पेपर फुटावा तसा सबंध अल्बमच वेळेआधी फुटला. आधीच्या अल्बमांत किंकाळ्या होत्या, मोडलेल्या चाली होत्या आणि कर्कश गिटारही होती. तो सगळा प्रवास ज्यांनी केला होता त्यांना इथे पहिल्यांदाच चाल सरळ आणि खर्ज भरलेला मिळाला. आपल्याला जिथे गोंगाट ऐकू आला तिथे त्यांना स्वच्छता ऐकू आली, आणि दोन्ही कान प्रामाणिक होते. नाटकाच्या तालमी पहिल्या वाचनापासून पाहणारा माणूस आणि जत्रेच्या रात्री थेट तिसऱ्या अंकाला येऊन बसलेला माणूस यांना एकाच प्रवेशात एकच गोष्ट दिसणार नाही.

दुसरे कारण अगदी साधे आहे आणि ते मी स्वतः अनुभवले आहे. हा अल्बम पहिल्यांदा मी घराच्या सोप्यावर, पावसाच्या आवाजात, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकला आणि मलाही तो पत्र्यावर पडणाऱ्या सरीसारखा एकसुरी वाटला. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालच्या पट्टीचा आवाज जवळजवळ बाहेर पडतच नाही. या बँडने मात्र बेन ॲलन या निर्मात्याची निवड मुख्यतः त्या खालच्या आवाजावरच्या त्याच्या हातोटीसाठी केली होती आणि मिसिसिपीतल्या ऑक्सफर्ड गावी जाऊन हे मुद्रण केले होते. म्हणजे ज्या पायावर हे घर उभे आहे तो पायाच आपल्या हातातल्या फोनमध्ये नसतो. पुढे मळ्यातल्या एका मित्राकडे जुन्या मोठ्या स्पीकरवर ‘माय गर्ल्स’ हे गाणे लावले. सुरुवातीची चमचमती सुरावट, मग एकमेकांवर रचलेले आवाज, मग टाळ्या, आणि या सगळ्यानंतर जेव्हा खर्ज उतरला तेव्हा चिनी मातीच्या बशा ठेवलेल्या कपाटाची काच बारीक आवाज करू लागली. मित्राची आई आतून आली, तिने काचेवर तळहात टेकवला आणि गाणे संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. तिला गाणे आवडले की नाही हे मी विचारले नाही, पण त्या दिवसापासून ‘हा अल्बम कसा आहे’ असे कोणी विचारले की ‘कशावर ऐकला’ हे मी आधी विचारतो.

शब्दांविषयीची आपली तक्रार मात्र मी पूर्ण मान्य करतो. इथे गळा पुढे आणि साथ मागे अशी मांडणीच नाही. गळा हाही एक थर आहे, त्याच्यावर भरपूर गुंज चढवलेली आहे, आणि छापील शब्द हातात घेतल्याशिवाय ते कळत नाहीत. आमच्याकडे नाट्यपदातला एक शब्द अस्पष्ट आला तरी मागच्या रांगेतून कुजबुज सुरू होते. त्या संस्काराच्या कानाला हे खटकणारच, आणि कौतुक करणाऱ्या परीक्षणांनी ही अडचण अधिक स्पष्टपणे सांगायला हवी होती असे माझे मत आहे. जानेवारी महिन्यातच ‘वर्षातला सर्वोत्तम अल्बम’ अशी भाषा सुरू झाली, तेव्हा पुढच्या अकरा महिन्यांत जो श्रोता ‘मला हे जमले नाही’ म्हणाला त्याला अडाणी ठरवण्याची सोयही आपोआप झाली. ती मला तेव्हा अन्यायाची वाटली आणि आजही वाटते.

प्रश्न : मी गेली चाळीस वर्षे गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. नातवाने हा अल्बम ऐकवला. यात धड मुखडा नाही, अंतरा नाही, एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवली आहे. कंटाळा आला. कंटाळा ही प्रतिक्रिया चुकीची मानायची का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : मुळीच नाही. हीच तक्रार इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा श्रोत्यांनीही केली आहे: पुनरावृत्ती फार आहे आणि सगळी गाणी एकाच रंगात भिजवल्यासारखी वाटतात. परंतु आपण भजनी मंडळातले आहात, म्हणून या कंटाळ्याच्या थोडे आत शिरण्याची विनंती करतो, कारण पुनरावृत्ती म्हणजे काय हे आपल्याइतके जवळून फार थोड्यांना ठाऊक असते.

वास्कोच्या श्रीदामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालते. तिथे पहाटेच्या सुमारास एखादा चरण वीस-पंचवीस वेळा घेतला जातो तेव्हा कोणी घड्याळ पाहत नाही, कारण शब्द तेच असले तरी दर फेरीला काहीतरी बदललेले असते. पखवाजाची दून लागते, टाळकऱ्यांची संख्या वाढते, मुख्य गायक क्षणभर थांबून चरण मंडळींच्या हवाली करतो. आता या अल्बमचे शेवटचे गाणे, ‘ब्रदर स्पोर्ट’, या दृष्टीने पाहावे. वडिलांच्या निधनानंतर आतल्या आत मिटून गेलेल्या माणसाला मोकळे हो, गळा मोकळा कर, असे सांगणारे हे गाणे लेनॉक्सने आपल्या भावासाठी केले. हे कळल्यावर त्या पुनरावृत्तीचा अर्थ पालटतो. बंद दाराबाहेर बसून कोणी आपल्या माणसाला तीच गोष्ट दहा वेळा सांगावी, तसे ते ऐकू येऊ लागते. मध्यावर आवाजांचा एक भोवरा तयार होतो, शब्द त्यात बुडतात, आणि ते पुन्हा वर येतात तेव्हा चाल जणू पूर्वीपेक्षा हलकी झालेली असते. पोर्टनर आणि लेनॉक्स हे दोघे गायक अनेक ठिकाणी एकच ओळ आपसात वाटून घेतात, एकाने अर्धी टाकावी आणि दुसऱ्याने उचलावी अशी, आणि हा खेळ टाळकऱ्यांना मुद्दाम समजावून द्यावा लागणार नाही.

तरीही एक फरक उरतो आणि मला वाटते आपला कंटाळा त्या फरकातून आलेला आहे. भजनात समोर माणसे असतात, आणि त्यांनी दिलेल्या साथीने गाणाऱ्याचा पुढचा आवर्त बदलतो. इथे आवर्त यंत्राचा आहे. तो दर वेळी तंतोतंत तसाच येतो आणि बदल फक्त त्याच्यावर चढणाऱ्या थरांत होतो. ज्याचे सारे आयुष्य उपज, म्हणजे गाता गाता सुचणारा नवा बदल, ऐकण्यात गेले त्याला हा आवर्त निर्जीव वाटला तर ती त्याच्या कानाची उणीव नव्हे. ‘डेली रूटीन’ नावाच्या गाण्याचा उत्तरार्ध मात्र आपण एकदा शांतपणे ऐकावा. छोट्या मुलीला सकाळी तयार करणाऱ्या बापाचे ते गाणे आहे. पूर्वार्धात धांदल आहे आणि नंतर ठेका विरघळून नुसते लांबवलेले सूर उरतात. तंबोऱ्यापाशी बसण्याची सवय असलेल्या माणसाला तिथे बसायला जागा मिळेल, असा माझा अंदाज आहे. हा बाप लिस्बनमध्ये राहतो. ते नाव आपल्या गोव्यात कोणत्या ना कोणत्या निमित्ताने घरोघरी उच्चारले जाते, म्हणून जाता जाता सांगितले.

प्रश्न : ‘इंडी’ म्हणजे नेमके काय? डॉमिनो ही कंपनीच आहे ना? — एक वाचक, मडगाव

उत्तर : कंपनीच आहे, १९९३ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली, मोठ्या बहुराष्ट्रीय ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या मालकीबाहेरची. ‘इंडी’ हा ‘इंडिपेंडंट’चा संक्षेप, आणि मूळ अर्थ एवढाच की पैसा, निर्णय आणि वितरण आपल्या हातात. हा अर्थ समजून घ्यायला गोव्याच्या वाचकाने परदेशात पाहण्याची गरज नाही. शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये आपला पहिला इंग्रजी अल्बम राहत्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर स्वतः मुद्रित केला, त्यातली वाद्येही बहुतेक स्वतःच वाजवली आणि तयार कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोहोचवल्या. आज इंडी या शब्दाचा अर्थ व्यवहाराकडून ढंगाकडे सरकला आहे. थोडा खासगी, थोडा विस्कटलेला, फार न घासलेला सूर असला की त्याला इंडी म्हणतात, मग मालक कोणी का असेना.

प्रतिक्रियांच्या दृष्टीने हा व्यवहार महत्त्वाचा आहे, म्हणून दोन वाक्ये अधिक लिहितो. मोठ्या कंपनीच्या अल्बममागे जाहिरात असते, रेडिओ असतो. छोट्या कंपनीच्या अल्बमला परीक्षण हाच रेडिओ. म्हणूनच या शतकाच्या पहिल्या दशकात पिचफोर्कच्या एका आकड्याने एखाद्या बँडचा दौरा भरत असे किंवा रिकामा जात असे. दशांश चिन्हापर्यंत गुण देण्याची ती पद्धत मला कधीच पटली नाही. ९.६ आणि ९.४ यांतला फरक कोणत्या कानाने मोजायचा? पुढे २०१५ मध्ये हे प्रकाशन कोंडे नास्ट या बड्या प्रकाशनगृहाने विकत घेतले आणि जानेवारी २०२४ मध्ये ते पुरुषांसाठीच्या ‘जीक्यू’ मासिकात विलीन करण्याचा निर्णय जाहीर झाला. ज्यांनी त्या आकड्यांवर राग धरला होता त्यांतल्या अनेकांनाही त्या दिवशी वाईट वाटले, आणि त्यांत मी होतो.

प्रश्न : अल्बमच्या मुखपृष्ठावरच्या चित्रातली झाडाची पाने हलतात असे आपण लिहिले. माझ्या पत्नीला हलताना दिसतात, मला नाही. डोळे तपासावेत का? — एक वाचक, वास्को

उत्तर : या कारणासाठी तपासण्याची आवश्यकता नाही. ते चित्र स्थिरच आहे. क्योतो येथील रित्सुमेइकान विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक अकियोशी कितावोका यांनी तयार केलेल्या दृष्टिभ्रमावर ते आधारलेले आहे. पानांच्या कडांवर उजेड आणि अंधार यांचा एक विशिष्ट क्रम ठेवला की नजर फिरताना डोळ्यांना हालचालीचा भास होतो, आणि हा भास सर्वांना सारखाच होतो असे नाही. चित्र मोठे करून त्याच्या मधोमध न पाहता कडेला नजर ठेवून पाहावे.

प्रश्न : माझा भाचा पुण्याला असतो. तो म्हणतो, हा अल्बम म्हणजे त्या काळातला नुसता गाजावाजा होता आणि आता त्याला कोणी विचारत नाही. हे खरे आहे का? — एक वाचक, साखळी

उत्तर : गाजावाजा होता, हे खरे. कोणी विचारत नाही, हे खरे नाही. पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही हा अल्बम नव्याने ऐकणारे तरुण मला भेटतात आणि त्यांना २००९ चा कोलाहल ठाऊकही नसतो. त्यांच्या प्रतिक्रिया मला अधिक मोलाच्या वाटतात, कारण त्यांच्यापाशी बाजू घेण्याचे कारण उरलेले नाही. गाजावाज्याची खरी किंमत मोजली ती बँडच्या पुढच्या कामाने. २०१२ मध्ये आलेला ‘सेंटिपीड हर्ट्झ’ हा अल्बम मुद्दाम दाट आणि खडबडीत होता, आणि त्याचे स्वागत थंड झाले. त्याच्यात दोष होते, परंतु बहुतेकांनी तो त्याच्यासाठी ऐकलाच नाही. तो ‘मेरिवेदर’ का नाही एवढेच विचारले. जुन्या निष्ठावंतांत तर उलटी तक्रारही होती. २००४ च्या काळातला रानवट, अकूस्टिक गिटारीचा बँड ज्यांना प्रिय होता त्यांना ‘मेरिवेदर’च फार गुळगुळीत वाटला. म्हणजे म्हापशाच्या वाचकाला जो गोंगाट आहे तो आणखी कोणाला गुळगुळीतपणा आहे.

पहिली प्रतिक्रिया आणि अखेरची प्रतिक्रिया यांच्यात किती फरक पडू शकतो हे पाहायचे असेल तर दोन उदाहरणे घ्यावीत. बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ मे १९६६ मध्ये आला. अमेरिकेत तो दहाव्या स्थानावर थांबला, ब्रिटनमध्ये दुसऱ्या स्थानापर्यंत गेला, आणि मायदेशात त्याला अपयश मानले गेले. पुढे ‘रोलिंग स्टोन’ने २००३ मध्ये पाचशे श्रेष्ठ अल्बमांची यादी केली तेव्हा तोच दुसरा होता. ‘मेरिवेदर’मधल्या आवाजांच्या रचनेची तुलना समीक्षकांनी अनेकदा ज्या बँडशी केली तो हाच, हेही नोंदवण्यासारखे आहे. दुसरे उदाहरण न्यूट्रल मिल्क हॉटेल या बँडचे. त्यांच्या १९९८ च्या ‘इन द एअरोप्लेन ओव्हर द सी’ या अल्बमला पिचफोर्कने आरंभी ८.७ गुण दिले होते, आणि २००५ मध्ये तो पुन्हा प्रकाशित झाला तेव्हा पूर्ण दहा. ध्वनिमुद्रण तेच होते. मधल्या सात वर्षांत तो अल्बम एका श्रोत्याने दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि समीक्षकांना आपला आकडा त्या श्रोत्यांच्या मागे न्यावा लागला. ‘मेरिवेदर’च्या बाबतीत क्रम उलटा झाला. आकडा आधी आला आणि श्रोत्यांना त्याच्या मागून चालावे लागले. भाच्याचा राग या उलट्या क्रमावर असेल तर तो मला समजतो. राग अल्बमवर काढू नये एवढेच त्याला माझ्या वतीने सांगावे.

आपल्या परिसरातलेही एक उदाहरण मनात येते. मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकींनी १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’पासून नाट्यपदाचा घाट बदलला, पदे आटोपशीर झाली, भाव आणि शब्द पुढे आले. ‘वन्समोअर’च्या आरोळ्यांत एकेक पद अर्धा तास रंगलेले ज्यांनी अनुभवले होते त्यांच्या कानाला तो बदल केवढा मोठा वाटला असेल, याची कल्पना करावी. आज आमच्या जत्रांतल्या नाटकांत तीच पदे परंपरा म्हणून गायली जातात.

प्रश्न : माझ्या मित्रांच्या बँडने घरातल्या घरात एक अल्बम मुद्रित केला आहे. आवाज कापून उलटे लावले आहेत, मधेच घुमट या आमच्या मातीच्या तालवाद्याचा ठेका आहे. आमच्याकडे सगळे ‘बरें आसा’ म्हणतात आणि विषय बदलतात. मला त्यावर खरे परीक्षण लिहायचे आहे, पण मैत्री तुटेल अशी भीती वाटते. — एक वाचक, पेडणे

उत्तर : आपला प्रश्न मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. गोवा लहान आहे. ज्याच्यावर लिहावे तो दुसऱ्या दिवशी बाजारात भेटतो, आणि म्हणून आमच्याकडे समीक्षा तोंडी होते, ती पाठीमागे होते, आणि समोर ‘बरें आसा’ उरते. ज्यांनी रात्री जागवून काही नवे केले त्यांच्यावर यासारखा अन्याय दुसरा नाही, कारण त्यांना कोणी ऐकले की नाही हेसुद्धा त्यांना कळत नाही.

माझी एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका स्थानिक बँडच्या पहिल्या कॅसेटवर मी एका संध्याकाळीत परीक्षण लिहिले आणि त्यात ‘रचना गोंधळलेल्या आहेत’ असे वाक्य घातले. आठवड्याने पणजीच्या बसस्थानकावर त्यांची गायिका भेटली. ती चिडलेली नव्हती. तिने एवढेच विचारले, “कुठल्या गाण्यात? आम्हाला दुरुस्त करायचे आहे.” मला एकाही गाण्याचे नाव सांगता आले नाही. माझी बस आली, मी चढलो, आणि खिडकीतून ती उभी दिसत राहिली. ते वाक्य कदाचित बरोबरही असेल, पण ते मी कॅसेटमधून उचलले नव्हते, माझ्या थकव्यातून उचलले होते. तेव्हापासून मी मिनिट आणि सेकंद लिहून ठेवल्याशिवाय दोष लिहीत नाही, आणि गुणही लिहीत नाही. ‘मेरिवेदर’च्या पहिल्याच गाण्यात सुमारे अडीच मिनिटांपर्यंत सगळे पाण्याखालून ऐकल्यासारखे पुटपुटते आणि मग एकदम उसळते, घरापासून दूर असलेला माणूस एका रात्रीपुरते शरीर सोडून आपल्या माणसापाशी जाण्याची इच्छा धरतो, तो हा क्षण. ही जागा दाखवली की वाचक स्वतः तिथे जाऊन पाहू शकतो आणि माझ्याशी भांडूही शकतो. नुसते ‘अद्भुत’ किंवा नुसते ‘कंटाळवाणे’ म्हटले तर त्याला जायला वाटच नसते.

मित्रांच्या अल्बमवर लिहिताना आधी जे ऐकू आले ते लिहावे. उलटे लावलेले आवाज कोणत्या गाण्यात चालीला उचलतात आणि कोणत्या गाण्यात नुसते आहेत म्हणून आहेत, घुमटाचा ठेका पुढच्या ठेक्याशी जुळतो की दोघे शेजारी अनोळख्यासारखे उभे राहतात, हे लिहिले की आवड-निवड अर्धी त्यातच येते. फोनवर ऐकून निर्णय देऊ नये, त्याचे कारण वर आले आहे. छापण्याआधी परीक्षण मित्रांना दाखवावे असे मात्र मी म्हणणार नाही. दाखवले की प्रत्येक वाक्यावर वाटाघाटी सुरू होतात. छापून आल्यावर अंक घेऊन त्यांच्या घरी जावे आणि त्यांच्यासमोर बसावे, हे जास्त कठीण आणि जास्त बरे. मजकूर तयार झाला की या सदराच्या पत्त्यावर पाठवा. संपादकांशी मी बोलून ठेवले आहे.

प्रश्न : माझे वडील निवृत्त आहेत आणि संध्याकाळी नाट्यगीते लावून बसतात. मी हा अल्बम ऐकत असतो तेव्हा रोज विचारतात, “हे काय चालले आहे?” त्यांना यातले कोणते गाणे आधी ऐकवू? — एक वाचक, काणकोण

उत्तर : ‘माय गर्ल्स’ ऐकवावे, आणि लावण्याआधी त्याचा अर्थ सांगावा. आपल्याला थाटामाटाची, चैनीच्या वस्तूंची हौस नाही, बायको आणि मुलगी यांच्यासाठी चार भिंतींचे पक्के घर असावे एवढेच मागणे आहे, आणि तेवढे मागतानाही लोक आपल्याला हावरे म्हणतील की काय असा संकोच वाटणाऱ्या माणसाचे ते गाणे आहे. आपल्या वडिलांनी कर्ज काढून घर बांधले असेल तर पुढचे समजावण्याची गरज पडू नये. त्यातला चमचमता सूर शिकागोच्या हाऊस संगीताच्या, म्हणजे यंत्राच्या ठेक्यावर नाचायच्या संगीताच्या, वळणाचा आहे. हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून रात्री येणारा ठेका त्यांनी कधी ऐकला असेलच; त्याच्याशी याचे नाते आहे, पण दूरचे, हेही त्यांना सांगावे, म्हणजे ते आधीच कान मिटून घेणार नाहीत. ज्या स्पीकरवर ते नाट्यगीते ऐकतात तोच वापरावा. आवाज त्यांच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा फार वर नेऊ नये.

ते बसले तर दुसरे गाणे म्हणून ‘समरटाइम क्लोद्ज’ लावावे. उकाड्याने झोप लागत नाही म्हणून रात्री कोणाला तरी सोबत घेऊन रस्त्यावर चालत निघालेल्या माणसाचे ते आहे, आणि मे महिन्यात वीज गेलेल्या रात्री आपण सगळेच त्या रस्त्यावर असतो. बाकीचा अल्बम त्या दिवशी लावू नये. आणि ‘माय गर्ल्स’च्या मधूनच ते उठून गेले तर रागावू नका, कितव्या मिनिटाला उठले आणि उठताना काय म्हणाले, एवढे मला लिहून पाठवा.